पट्टे काढून मिळतील

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीचं बॉनेट उघडणं ही खासगी बाब नाही. सदाशिव पेठेत कुणी बॉनेट उघडून उभा राहिला तर येणारेजाणारे 'इथे पार्किंग नाही' एवढं सांगून पुढे जातील. आमच्या निगडी-प्राधिकरणात बॉनेट वर गेलं की चार गॅलऱ्यांतून चार माणसं खाली उतरतात आणि येताना आपापला पाना घेऊन येतात. यात त्यांचा दोष नाही. साठच्या दशकात इकडे टाटांची टेल्को आली, बजाज आली. त्यांच्यामागून त्यांना नट-बोल्ट पुरवणारे आले, मग नट-बोल्टवाल्यांना सळ्या पुरवणारे आले, आणि पुढे चाकणच्या माळावर जर्मनही आले. घराघरात कुणी ना कुणी गाडीचा कुठला ना कुठला भाग करत आलंय. आयुष्यभर फक्त दाराच्या बिजागऱ्या केलेला माणूसही इथे सापडतो. पण त्याचं मत बिजागरीपाशी थांबत नाही.

आमच्याकडे माणूस आडनावापेक्षा डिपार्टमेंटने ओळखला जातो. 'क्वालिटीवाल्यांच्या मुलीचं ठरलं का हो?' असं विचारतात. रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेले गृहस्थ अजून प्रेस शॉपवालेच असतात, आणि त्यांच्या पत्नी, ज्यांनी आयुष्यात प्रेस म्हणजे फक्त इस्त्री पाहिली, त्या प्रेस शॉपवाल्या काकू. हिंजवडीला जाणाऱ्यांना डिपार्टमेंट नसतं. ते नुसते 'आयटीतले'. सोसायटीच्या सभेत त्यांना माइक लावायला सांगतात.

अशा वस्तीत सिएराकाकांनी एका संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर केलं, की मी गाडीचे पट्टे काढणार आहे.

सिएरा म्हणजे टाटांची १९९१ साली आलेली. तीन दारांची, मागे छतापर्यंत वळत गेलेली भली मोठी काच असलेली. फियाट, अँबॅसेडर आणि मारुती पाहून पाहून दमलेल्या डोळ्यांना ती थेट परदेशी वाटायची, आणि तयार व्हायची आपल्या पिंपरीत. काका टेल्कोत टूल रूमला होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी लाल सिएरा घेतली तेव्हा बघायला आकुर्डीहून माणसं आली होती. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरावं लागे. काकांच्या सासूबाई त्या गाडीत एकदाच बसल्या, आणि काका हा मुद्दा अजून गाडीच्या जमेच्या बाजूला धरतात.

मग पट्टे कुठून आले? तो काळच पट्ट्यांचा होता. सुमोला पट्टे, मारुतीला पट्टे, मोटरसायकलच्या टाकीला पट्टे, रिक्षाला पट्टे आणि वर मोर. कोरी गाडी शोरूममधून आणून तशीच फिरवणारा माणूस एक तर फार श्रीमंत किंवा फार कर्जात, असं समजलं जाई. काकांनीही भोसरीच्या एका रेडियमवाल्याकडून दोन्ही अंगांना तीन-तीन पट्टे ओढून घेतले. एक जाड, एक मध्यम, एक बारीक; करडा, नारिंगी, पिवळा.

तसा या पट्ट्यांचा मूळ पुरुष अमेरिकन. १९५० च्या दशकात ब्रिग्ज कनिंगहॅम नावाचा हौशी धनिक फ्रान्समधल्या ल मां शर्यतीत आपल्या पांढऱ्या गाड्या निळे पट्टे ओढून उतरवायचा. पुढे १९६५ च्या शेल्बी मस्टँगवर ते पट्टे आले आणि जगभर फॅशन झाली. तिकडे पट्टेवाली गाडी म्हणजे बघता बघता नजरेआड होणारी. काकांच्या डिझेल इंजिनाची ताकद साठेक अश्वशक्ती. चिंचवड स्टेशनच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला की पट्टे आधी निघायचे, गाडी मागून.

इतकी वर्षं हे सगळं सुखाने चाललं होतं. पण २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने नवी सिएरा आणली, पाच दारांची, आणि काकांच्या गाडीकडे रस्त्यावरची पोरं मोबाईल रोखून बघायला लागली. 'अंकल, ओरिजिनल?' त्या एका प्रश्नाने काका बदलले. ओरिजिनल गाडीवर भोसरीचे पट्टे कसे चालतील? सरकारच्या लेखी पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज होत नाही. तसा २०२१ चा नियमच आहे. त्यामुळे काकांची सिएरा कायद्याने नुसतीच जुनी. पण आतापासून तयारीला लागलं पाहिजे, असं काकांचं म्हणणं. ती पन्नाशीची होईल तेव्हा काका पंच्याण्णवच्या घरात असतील, हे काकूंनी एकदाच आणि हळू आवाजात सांगितलं.

काका आधी रेडियमच्या दुकानांत गेले. तिथे त्यांना या पट्ट्याचं, म्हणजे आपल्या औद्योगिक पट्ट्याचं, एक मोठं सत्य कळलं. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि मोशीपासून चाकणपर्यंत पावलापावलावर पाट्या आहेत: रेडियम लावून मिळेल, स्टिकर लावून मिळेल, आईचा आशीर्वाद पाच मिनिटांत. 'काढून मिळेल' अशी एकही पाटी नाही. भोसरीच्या एका दुकानातला पोरगा तर काकांकडे जरा काळजीनेच बघायला लागला. म्हणाला, "काका, काढायचं आम्ही नाही करत. लावायचं काय असेल ते सांगा."

काढणं अवघड का, याला शास्त्र आहे. पट्टा म्हणजे पीव्हीसीचं पातळ पान आणि खाली दाबाने चिकटणारा गोंद. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक राहावं म्हणून त्यात मऊपणा आणणारी द्रव्यं घालतात. उन्हातान्हात ही द्रव्यं वर्षानुवर्षं निघून जातात, पान आकसतं, कडक होतं आणि तडकतं. रोलरखाली लाटून केलेलं स्वस्त पान लवकर आकसतं, ओतून केलेलं महाग पान जास्त टिकतं. नव्वदच्या दशकात भोसरीत कुठलं मिळत होतं ते सांगायला नको. गोंद मात्र या काळात म्हातारा होत नाही, हट्टी होतो. पट्ट्याचं टोक नखाने उचललं की नखाएवढाच तुकडा हातात येतो, आणि बाकीचा पट्टा जागेवरून तुमच्याकडे बघत राहतो.

आणखी एक भानगड असते. काही गाड्यांवर आणि बऱ्याच मोटरसायकलींच्या टाक्यांवर स्टिकर लावून त्यावरून लॅकर मारलेला असतो. नख फिरवून बघायचं. कडेला नख अडलं तर पट्टा वर आहे, निघेल. नख गुळगुळीत निघून गेलं तर पट्टा लॅकरखाली आहे. तो काढणं म्हणजे रंगच काढणं. काकांचं नख अडलं. मग बाकीच्यांनीही आपापलं नख फिरवून खात्री करून घेतली.

काम गुरुवारी काढलं. इकडे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे सगळी डिपार्टमेंटं घरी. त्याच कारणाने देखभालीसाठी वीजही गुरुवारीच जाते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी आधी धुवायला हवी होती, कारण धुळीवर फडकं घासलं की ओरखडे उठतात. पण पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड, आणि तो दिवस आडचा निघाला. थोडक्यात मनुष्यबळ भरपूर, पाणी नाही, वीज जाण्याच्या बेतात. इथल्या कुठल्याही लघुउद्योजकाला ही परिस्थिती ओळखीची वाटेल.

पहिल्यांदा क्वालिटीवाल्यांनी काम थांबवलं. मूळ कारण कळल्याशिवाय हात लावायचा नाही. पाच वेळा 'का' विचारायचं, ही जपान्यांची पद्धत.

"पट्टा का तडकला?"

"उन्हानं."

"ऊन का लागलं?"

"गाडी उघड्यावर असते."

"उघड्यावर का?"

"शेडमध्ये दुसऱ्यांची असते."

"त्यांचीच का?"

"ते सेक्रेटरी आहेत."

पाचव्या 'का'च्या वेळी सेक्रेटरी शेजारीच उभे होते. विश्लेषण पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झालं.

परचेसवाले म्हणाले, निदान तीन कोटेशनं मागवा. मेंटेनन्सवाल्यांनी ड्रिल मशीन आणि त्याला लावायचं रबरी चाक आणलं. ते खोडरबरासारखं फिरून पट्टा आणि गोंद दोन्ही खाऊन टाकतं आणि खाली काळ्या अळ्या पाडतं. चीज चांगली आहे, पण एका जागी क्षणभर जास्त टेकलं की घर्षणाने रंग भाजतो. ते त्यांनी काकांच्या गाडीवर चालवायच्या आधी सेक्रेटरींच्या गाडीवर चालवून दाखवायची तयारी दाखवली. सेक्रेटरी कामाचं निमित्त काढून वर गेले.

सगळ्यांत उपयोगाचं बोलले ते आयआरवाले. इंडस्ट्रियल रिलेशन्समध्ये त्यांची हयात गेली. १९८९ चा टेल्कोतला संप त्यांनी जवळून पाहिलेला. त्यांना रंगातलं काही कळत नाही. ते एवढंच म्हणाले, "एकदम ओढू नका. आधी गरम होऊ द्या. मग एक टोक विश्वासात घ्या, आणि त्याला मागे दुमडून, अंगाला धरूनच, सावकाश घ्या. वर उचलून ओढलंत की तुटेल. तुटलं की वाटाघाटी संपल्या." विनाइल काढायची नेमकी हीच पद्धत आहे. पेंट शॉपवाल्यांनाही मान हलवावी लागली.

गरम करण्यासाठी सुनेचा हेअर ड्रायर खाली आला. हीट गन आणू या असं कुणीतरी म्हणालं, पण तिच्यातून निघणारी हवा सहज चारशे अंशांच्या पुढे जाते आणि रंगाला फोड येतात; ड्रायर फार तर चटका देतो. वितभर पट्टा निघाला, टाळ्या पडल्या, आणि वीज गेली. सगळे महावितरणला बोलत असताना काकूंनी गॅलरीतून विचारलं, की एप्रिलच्या बारा वाजता तुम्हाला ड्रायर कशाला हवाय. गाडी फिरवून डावी बाजू उन्हाकडे केली. अर्ध्या तासात पत्र्यावर हात ठेववेना आणि पट्टा वाटाघाटीला तयार झाला.

याच सुमाराला काकांचा पुतण्या चाकणहून पोचला. तो तिकडे एका परदेशी कंपनीच्या पेंट शॉपमध्ये आहे. सकाळी निघाला होता, पण चाकण चौकाने त्याला ठेवून घेतलं होतं. त्याने खिशातून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं आणि सगळी जुनी डिपार्टमेंटं एकदम गप्प झाली. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या रंगापर्यंत सगळे थर मिळून साधारण शंभर ते सव्वाशे मायक्रॉन भरतात. माणसाचा केस सत्तर-ऐंशीचा. पुतण्याने बॉनेटला मीटर टेकवलं: ११५. डावं दार: ११८. काका सुखावले. मग तो उजव्या दाराकडे गेला. ६४०.

"काका, या दाराला लांबी भरलीय."

"शक्यच नाही. या गाडीला आजवर साधं खरचटलेलं नाही."

पुतण्याने पुन्हा टेकवलं. ६५५. वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अहो, सगळ्यांना चहा टाकते हं." चहा न विचारता टाकला जातोय म्हटल्यावर काकांना संशय आला.

हळूहळू उलगडा झाला. काका ट्रेनिंगला जमशेदपूरला गेले होते तेव्हा काकू ड्रायव्हिंग शिकत होत्या. सोसायटीच्या गेटचा खांब तेव्हा जरा पुढे होता. कासारवाडीच्या एका पेंटरने दार ठोकून, लांबी भरून, घासून, रंग मारून दिला, आणि रेडियमवाल्याने पट्टे पुन्हा जुळवून दिले. काका परतले तेव्हा दार सुकलेलं होतं. त्या दारावरचे पट्टे दोन सूत खाली होते खरे. काकांनी तो इतकी वर्षं रेडियमवाल्याचा पहिल्या दिवसापासूनचा दोष मानला आणि त्या बिचाऱ्याला येताजाता सुनावलं.

दुसऱ्या कुठल्या गावात इथे घरगुती प्रसंग उभा राहिला असता. आमच्याकडे पेंट शॉपवाले त्या दाराजवळ उकिडवे बसले आणि गहिवरून म्हणाले, "वहिनी, पेंटर कोण हो? शेड काय जुळवलीय! इतक्या वर्षांत आम्हाला दिसलं नाही." क्वालिटीवाल्यांनी जाहीर केलं, की हा डिफेक्ट नाही, हे डेव्हिएशन आहे आणि ते मंजूर समजावं. काकांना काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

पण त्या मीटरने दार वाचवलं, हे नोंदलं पाहिजे. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजून निघतो. गल्लीतल्या गॅरेजमध्ये तो नुसता वाळतो. अशा रंगावरचा पट्टा जोरात ओढला तर पट्ट्याबरोबर रंगाचा पापुद्रा आणि पापुद्र्याबरोबर लांबीही हातात येते. त्या दारावर आयआर पद्धत अधिकच सबुरीने राबवली.

उरला गोंद. इथे काकूंचे धाकटे बंधू पुढे आले. ते चिपळूणहून भाचीच्या साखरपुड्याला आले होते आणि सकाळपासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "भावोजी, थिनर मारा. एका पुसण्यात साफ." वाक्य संपेपर्यंत डब्याचं झाकण उघडलेलं होतं. आता कारखान्यातल्या भाजलेल्या रंगाने थिनरचा ओझरता स्पर्श कदाचित सोसला असता. पण त्यांचा बोळा निघाला होता उजव्या दाराकडे, आणि कासारवाडीच्या हवेवर वाळलेला रंग थिनरने पुसत नाहीत, विरघळवतात. पेंट शॉपवाल्यांनी गुडघेदुखी विसरून मारलेली उडी सोसायटीत अजून सांगितली जाते. डबा सुटला. जमिनीवरच्या पार्किंगच्या पिवळ्या रेघेचा वितभर भाग मात्र एका पुसण्यात साफ झाला.

गोंदावरचा उपाय काकूंनी दिला: खोबरेल. फणस कापल्यावर हाताला लागलेला चीक जसा साबणाने जात नाही आणि तेलाने सुटतो, तसाच हा. कापसाच्या बोळ्याने तेल लावायचं, गोंदाला भिजत ठेवायचं, मग जुन्या क्रेडिट कार्डाने ढकलायचं. आधी रॉकेल वापरत, पण ते आता शोधायला जावं लागतं. नंतर साबणाच्या पाण्याने तेल धुऊन काढणं आवश्यक. ते दुसऱ्या दिवशी झालं, कारण पाणी.

आणि मग खरी गंमत दिसली. पट्टे गेले, गोंद गेला, गाडी धुतली, फडक्याने पुसली; आणि तीनही पट्टे जागेवर होते. जाड, मध्यम, बारीक. आता फक्त गडद लाल रंगात. पट्ट्याखालचा रंग इतकी वर्षं सावलीत राहिला होता, आजूबाजूचा उन्हाने विटला होता, आणि लाल तर विटण्यात पहिला. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तसं झालं. आता पट्टा नाही, पट्ट्याच्या जागी नवी कोरी सिएरा आहे आणि तिच्याभोवती जुनी.

यावर उपाय कंपाउंड मारायचा. आणि तो छापेवर नाही, भोवतालच्या विटलेल्या रंगावर. मेलेला थर घासून काढला की खालचा ताजा लाल वर येतो आणि फरक कमी होतो. पण त्या काळच्या साध्या लाल रंगावर बहुधा वरून लॅकर नसे. कापड लाल होतं, म्हणजे निघतोय तो रंगच. पुतण्या मीटर धरून बसला, पेंट शॉपवाले हाताने घासत राहिले, आणि आकडा खाली येऊ लागला तसे काका अस्वस्थ होत गेले. शंभरच्या खाली जायचं नाही, असं त्यांनी फर्मान काढलं. छाप फिकी झाली, गेली नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात ती आजही स्वच्छ वाचता येते. उजव्या दारावर दोन सूत खाली.

शेवटी भोसरीचा तो रेडियमवाला पोरगा कुणाच्या तरी स्कूटीला स्टिकर लावायला सोसायटीत आला. गाडी पाहून थबकला. एकदा चक्कर मारली, नख फिरवलं, आणि म्हणाला, "काका, याच मापाचा पट्टा मारून टाकू की वरून. काहीच दिसणार नाही." सर्व डिपार्टमेंटांनी एकमेकांकडे पाहिलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात एकही चूक काढता येईना.

काकांनी अजून होकार दिलेला नाही. परचेसवाले त्या पट्ट्यासाठी कोटेशनं गोळा करत आहेत. मी स्टोअर्सवाल्यांचा मुलगा, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही, पण विचारलंच तर सांगेन, की छाप राहू द्यावी. तीस वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीने तीस वर्षांची दिसावं, यात कुणाचं काय बिघडतं? आणि ती पोरं पुन्हा 'अंकल, ओरिजिनल?' असं विचारतील तेव्हा काकांनी उजव्या दाराची आडबाजू करून उभं राहावं.

तुम्हीही कुठे अशी जुनी गाडी काढून बसणार असाल तर एवढं करा: ऊन पाहून कामाला लागा, खोबरेल हाताशी ठेवा, आणि घरात थिनरचा डबा असेल तर आधी माळ्यावर टाका. मेहुणे सांगून येत नाहीत.